झाकून ठेवलेली भाजी

इंदिरानगर, नाशिक
२२ सप्टेंबर २०२५

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलले की राखी ऐकते, म्हणून पत्र. आमच्या शाळेत सध्या मुलांचे डबे तपासतात. राष्ट्रीय आहार-शिफारशींप्रमाणे डाळ, भाजी, फळ आहे का, ते बघायचं काम माझ्या गळ्यात आलंय. वेफर्स आणि क्रीमची बिस्किटं बघून जीव विटला. त्यातच शिकायला माझ्याकडे ठेवलेल्या तुझ्या लेकीचा, राखीचा डबा उघडला, तर नुसती पोळी आणि लोणचं! सकाळी मी कढईभर भाजी करून ठेवते, डबा तीच भरून घेते, तरी ही अवस्था. शाळेतल्या तपासणीत तिचं रक्तही कमी निघालं. विचारलं, तर भाजी आवडत नाही म्हणते. दादा, मी थकले रे.

तुझी,
सविता

निफाड
२६ सप्टेंबर

चि. सवितास आशीर्वाद.

लहानपणी ताटातली मेथी गुपचूप म्हशीला घालणारी तू, राखी नव्हे. ती इथे सगळं खायची. तुला शिकवण्यांतून सवड नसेल, तर दिवाळीला तिला कायमची घेऊन येतो. शाळा निफाडलाही आहे. द्राक्षांची छाटणी चालू आहे, नाहीतर आत्ताच आलो असतो. तुझं पत्र ऐकल्यापासून तुझी वहिनी, आशा, काही ना काही काम काढत बसते.

हिरामण

इंदिरानगर
३० सप्टेंबर

ती. दादास सा. न.

काल डोकं दुखलं म्हणून लवकर घरी आले. राखी चहात खारी बुडवून खात होती. भाजी तशीच झाकलेली. खोदून विचारल्यावर रडत म्हणाली, की आईने सांगितलंय, आत्या दमून येते, तिच्या आधी भाजीला हात लावायचा नाही, उरेल ते आपण घ्यायचं. आणि मी रोज समजत होते, की ती जेवलीय आणि उरलंय ते माझं. कढई पुसून खात होते रे मी! आता परत पाठवतील म्हणून पोर घाबरलीय. संध्याकाळच्या शिकवण्या सोडल्या. आम्ही दोघी एकत्र जेवतो. तिला नेऊ नकोस, हात जोडते.

सविता

निफाड
८ ऑक्टोबर

चि. सवितास आशीर्वाद.

तुझं पत्र आशाला वाचून दाखवलं. माझं जेवण नुकतंच झालं होतं, तिचं व्हायचं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा मी उठून कढईत पाहिलं. तिच्यासाठी काही उरलं नव्हतं. ती म्हणाली, की तिला लय भूक नसतेच, चटणी-भाकर पुरते. दुसऱ्या दिवशी तिचं रक्त तपासून आणलं. राखीपेक्षा कमी निघालं.

राखी तुझ्याकडेच राहू दे. इथे आता आशाचं ताट माझ्या ताटाशेजारी मांडतो. ती लाजते, अंग चोरून बसते, पहिला घास घ्यायला माझ्याकडे बघत राहते. तिने तो घेईपर्यंत मी जेवत नाही.

जपून राहा, आणि या दादावर माया असू दे.

हिरामण