शून्यांच्या रांगेत अडकलेलं फाटक

गुरुवार, संध्याकाळ. अजून चाकणला, कंपनीतच.

दुपारी पत्रे दाबणाऱ्या प्रेस मशीनवर काम करताना सुनीताताईंची बोटं त्यात सापडली. त्यांना दवाखान्यात नेणारी गाडी फाटकाशी आली आणि फाटक उघडेना. फाटकाचं सॉफ्टवेअर माझ्याकडे आहे. मी धावत गेले. वॉचमन बबनभाऊ म्हणाले, "मॅडम, काय बी हलंना." शेवटी त्यांनी आणि ड्रायव्हरने आडवा दांडा हातांनी उचलून धरला, तेव्हा गाडी गेली.

मला वाटलं, कुणी बाहेरून आमच्या सिस्टीमवर हल्ला केला. तसं काहीच नव्हतं. आधीच्या ट्रकचा नंबर टाकताना शून्याचं बटण दाबलेलं राहिलं आणि शून्यांची लांबलचक रांग गेली. नंबर बरोबर लिहिलाय का हे तपासणारी आयती लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड, त्या शून्यांच्या सगळ्या शक्य जोड्या लावून बघत बसली, आणि सर्व्हरच अडकला. नुसती शून्यं. कुणी मुद्दाम टाकली असती तर? हा दोष जगाला माहीत होता, दुरुस्ती तयार होती. मला आज कळलं.

बोटं वाचली, असा ताईंच्या नवऱ्याचा फोन आला. फाटकावर दुरुस्ती बसवली. मग हीच लायब्ररी कंपनीत आणखी कुठे आहे ते शोधलं.

आगीच्या अलार्मच्या सॉफ्टवेअरमध्ये सापडली.

घरी फोन केला, जेवायला थांबू नका.