हिरव्या लुगड्यातली बाई

उभादांडा, वेंगुर्ले
ता. ४ फेब्रुवारी १९८५

सौ. मालूचा शि. सा. न. वि. वि.

ती बाई कोण, ते आधी लिहा. आमची खुशाली मागाहून. आपल्या वाडीतला दत्तप्रसाद बहरीनहून रजेवर आला नि तुमचं पाकीट देऊन गेला. शेजारची रत्नाबाई बसलेली, तिच्यासमोरच उघडलं. आत साबण, बाम आणि त्या बाईचा फोटो. मागे तुमच्या हातचं, ओळख पाहू कोण. मी कशाला ओळखू? अंगावरचं लुगडं तेवढं ओळखलं. गेल्या मे महिन्यात रजा संपवून जाताना पांघरायला म्हणून मागून नेलंत, ते हिरवं. कमरेवर हात ठेवून उभी आहे मेली, जशी घरची मालकीणच. रत्नाबाईनं विचारलं, भावजींनी तिकडे दुसरं बिऱ्हाड केलं काय? मी म्हटलं, करू देत, तिला सोलकढी येते का तेवढं बघते. पण ती गेल्यावर तडक दत्तप्रसादाचं घर गाठलं.

त्याला खोदून विचारलं. म्हणतो, ती आफ्रिकेची आमिना, शंभूदादा शिफ्ट सुटली की तिच्याकडेच असतात. घरचं बरं आहे. माझं नाही.

आपली,
मालू


बुसैतीन, बहरीन
ता. १९ फेब्रुवारी १९८५

सौ. मालूस अ. उ. आ.

अगं, शांत हो. फोटोतली बाई तू आहेस.

आमिनाबाई मोंबासाच्या. आमच्या खोलीमागे त्यांचा फोटो स्टुडिओ आहे, फोटोंच्या चौकटी मी करून देतो. मोंबासात लोक त्यांना अरब म्हणायचे, इथले अरब आफ्रिकन म्हणतात. म्हणून त्या निरनिराळ्या बायकांचा वेश घेऊन स्वतःचेच फोटो काढतात. म्हणतात, एकेक बाई होऊन बघते, त्यात मी कुठे सापडते का. आता त्यांना आमच्या घरच्या बायका व्हायचं होतं. खोलीतल्या सगळ्यांना विचारलं, बायको कशी दिसते, कशी उभी राहते. रत्नागिरीच्या सिराजला बायकोचा चेहराच आठवेना, रडायला लागला बिचारा. मी मात्र तुझं लुगडं त्यांना नेसायला दिलं, सगळं सांगितलं. आंबाड्यातली अबोली, नथ, रागावलीस की कमरेवर जातो तो डावा हात.

मे महिन्यात मनामाला प्रदर्शन आहे. फोटोखाली तुझं नाव लागणार, मालू, वेंगुर्ले. तू हो म्हण, की चौकटीचं काम खलास करतो. जिवाला जप.

तुझा,
शंभू


उभादांडा
ता. ६ मार्च १९८५

सौ. मालूचा नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. तीनदा वाचलं, अक्षर लावत लावत. आमिनाबाईवरचा राग गेला. पण तिला तासन्‌तास सांगितलंत, माझा कुठला हात कमरेवर जातो ते. मला एकदा तरी बोललात का?

आणि ती मी नाही. ती आपल्या लग्नाच्या वर्षातली कोणी आहे. नथ तुमच्या व्हिसापायी मोडली, विसरलात? अबोली माळायला आंबाडा कुठे राहिलाय, बोटाएवढी वेणी उरली, तीही पांढरी. पुढचा दात पडला. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. गेल्या रजेत दोन महिने माझ्यासमोर बसून जेवलात, तेव्हा बघत कुठे होतात? आता कळलं, तिकडे तुमचं दुसरं बिऱ्हाड आहेच. ती थकत नाही, खोकत नाही, तिचे केस काळे. तिच्यापुढे मी कशी पुरी पडणार?

काल वेंगुर्ल्यात जाऊन फोटो काढवला, सोबत पाठवते. फोटोवाला म्हणाला, चष्मा काढा, हसा. दोन्ही केलं नाही. आमिनाबाईंना म्हणावं, एवढी हिंमत आहे तर आता ही होऊन दाखवा. तोवर माझं नाव भिंतीवर लावायचं नाही.

तुम्ही दोन्ही फोटो शेजारी ठेवून नीट बघा. पुढच्या रजेला घरी येणार ते यांतल्या कोणाकडे, ते अक्षय तृतीयेच्या आत मला लिहून पोचलं पाहिजे. लोभ आहे तेवढा राहू द्या, वाढवा म्हणत नाही.

आपली,
मालू