बिनमुदतीचा कागद

शारजा, ९ जानेवारी २०२४

ति. इन्साफअब्ला हिस धाकट्या भावाचे, रुश्दीचे सा. सलाम. वि. वि.

तू पाठवलेलं जुनं चीज पोचलं. ते आणणाऱ्या शेजाऱ्याच्या शर्टांना असा वास लागलाय, की बायको त्याला बाहेरच्या खोलीत झोपवते.

बातमी वाईट आहे. जूनमध्ये मला साठ पुरी होतात, आणि शाळा म्हणते, गणित आता तरुणांनी शिकवावं. नोकरी गेली की राहण्याचा परवाना गेला. एकोणतीस वर्षं इथे आहे. एवढ्या मुक्कामात जावईसुद्धा घरचा होतो. मी मात्र दर दोन-तीन वर्षांनी छातीचा एक्स-रे काढून पुन्हा पाहुणा. राहायचे मार्ग तीन: वीस लाख दिरहमचं घर घ्या, परवानावाल्या बाईशी लग्न करा, नाहीतर असामान्य शिक्षक ठरून दहा वर्षांचा सोनेरी परवाना मिळवा. पहिल्याला पैसे नाहीत, दुसऱ्याला केस नाहीत. तिसऱ्याचा अर्ज एका अर्ज लिहिणाऱ्याकडून करून घेतोय. फसला तर मन्सूराला माझा फ्लॅट आहेच. कुलूप काढलं की झालं.

माया पातळ होऊ देऊ नकोस,
रुश्दी

मन्सूरा (इजिप्त), २६ जानेवारी

चि. रुश्दीस अ. आ.

कुलूप बदललंय. बसून वाच.

माझ्या तामेरचं लग्न अडलं होतं. मुलीचा बाप म्हणाला, आधी घर दाखवा, मग मुलगी. मी तुझं दाखवलं. त्यांना घर आवडलं, आम्हाला मुलगी. मग हे मामाचं आहे, असं कोणत्या तोंडाने सांगणार? चार वर्षं झाली, तूही तेवढ्यात फिरकला नाहीस. सुनेला आता पाचवा लागलाय. दिवसभर ती माझ्याकडेच असते, फोनवर बोललेलं तिला ऐकू जातं, म्हणून हे पत्र.

तेव्हा बाबा, तू तिथेच राहा. मी नुसती दुआ करत बसलेले नाही. तुझ्या शिष्यांच्या आया उन्हाळ्यात इथे माहेरी येतात. त्यांना फोन केले आणि अठरा शिफारसपत्रं थेट तुझ्या अर्ज लिहिणाऱ्याकडे पाठवायला लावली.

राग आला तर पाणी पी. लोभ मात्र तसाच ठेव.
इन्साफ

शारजा, २ एप्रिल

ति. अब्ला, सा. सलाम.

पत्रं पोचली. अठराही जणींनी शपथेवर लिहिलंय, की उस्ताद रुश्दी वर्षानुवर्षं संध्याकाळी आमच्या घरी येऊन शिकवत आणि इतरांपेक्षा कमी घेत. अगं, आपल्या गावात घरी शिकवणी न घेणाऱ्या मास्तरला लोक आजारी समजतात. इथे परवान्याशिवाय तो गुन्हा आहे! अर्ज लिहिणारे कुन्हमद मलबारचे, शांत गृहस्थ. त्यांनी दार लावून विचारलं, उस्ताद, हा अर्ज आहे की कबुलीजबाब?

पत्रं काढली. उरलं शाळेचं प्रमाणपत्र. त्यात मी वक्तशीर आहे, एवढंच. काल उत्तर आलं: नामंजूर. २० जूनचं तिकीट काढलंय. तामेरला सांग.

तुझा वक्तशीर भाऊ,
रुश्दी

मन्सूरा, ३० एप्रिल

चि. रुश्दीस अ. आ.

सांगितलं. सून रडली, तामेर ओरडला, मग दोघं पोटभर जेवली. तामेर म्हणतो, मामा काय उपरा आहे? मागची खोली देऊ. आधी एक वर्ष, पुढचं वागणूक बघून. सिगारेट गच्चीवर. मित्र आणायचे नाहीत. ईदला सुनेची आई येते, तेव्हा पंधरा दिवस माझ्याकडे राहायचं. मनाला लावून घेऊ नकोस रे, पोर आहे ते.

बहिणीवर जीव असू दे.
इन्साफ

शारजा, १८ मे

ति. अब्ला, सा. सलाम. वि. वि.

अटी कुन्हमदना वाचून दाखवल्या. म्हणाले, मसुदा उत्तम आहे, फक्त नावं उलटी पडलीत.

आयुष्यात माझ्या नावाचा एकच कागद असा आहे, ज्यावर मुदत नाही: त्या फ्लॅटचं खरेदीखत. ते घेऊन येतोय. पुढच्या खोल्या माझ्या. मागची तामेर आणि सुनेला देतो. दिवस भरलेल्या पोरीला बाहेर काढण्याइतका मी सरकारी नाही. परवाना एक वर्षाचा. पांढऱ्या भिंतीपुढचे दोन फोटो, रक्ततपासणी, शेजाऱ्यांकडून सद्वर्तनाचा दाखला. नूतनीकरण माझ्या मर्जीवर. सिगारेट मी ओढीन तिथे.

बाळाला मात्र कायमचा देतो, अर्जाशिवाय. त्या घरात जन्मणार, एवढं मला पुरे.

जिव्हाळा वाढव,
रुश्दी