लॉरीनच्या खुर्चीला विचारलेला शब्द

लॉरीनच्या नवऱ्यास,

सासूनं जावयाशी बोलायचं नाही, ही आम्हा ओमाहा जमातीची रीत. लिहिणं हेही बोलणंच, म्हणून हा कागद तुमच्या हाती पडणार नाही.

सहा वर्षं तुम्ही आपल्या भाषेचा शब्दकोश करताय. शब्द तुम्ही लॉरीनला विचारायचा, तिनं मला, आणि उत्तर पुन्हा तिच्याच तोंडून. ती वैतागायची. "एकाच टेबलाशी बसलाय दोघं. मी काय टपालखातं आहे?"

तिला पुरलं, शोकाचे चार दिवस सरले. उरलेले शब्द आता माझ्याबरोबरच जाणार, असं मी धरून चालले होते.

आज तुम्ही आलात. माझ्याकडे पाठ करून बसलात, वही उघडलीत आणि तिच्या रिकाम्या खुर्चीला म्हणालात, "लॉरीन, आईला विचार. 'विटोन्दे' म्हणजे माझा जावई. पण मुलगीच गेली, तर त्या माणसाला काय म्हणायचं?"

मला रागच आला. एवढं शिकून हे कळू नये? मीही खुर्चीलाच सांगितलं, "लॉरीन, त्यांना म्हणावं, शब्द तोच राहतो. आणि मक्याचं सूप निवतंय, आधी जेवा."

तुम्ही लिहून घेतलंत. एवढ्याशा शब्दाला कितीतरी वेळ लावलात.

खरं सांगू? राग नव्हता तो. चार दिवस मी तुमच्या गाडीच्या आवाजाकडे कान लावून बसले होते.

खुर्ची मी तिथून हलवणार नाही.

लॉरीनची आई