सही माझी, साक्ष तुझी

आई, तुला जाऊन आता बावीस वर्षं झाली, तरी संध्याकाळी दिवे लागले की मला अजून धास्ती वाटते, मागून कोणीतरी विचारेल, "मंग, उद्या काय करशील?" दुसऱ्यांच्या घरी कुटुंबप्रार्थना म्हणजे एक अध्याय, एक गीत, आमेन, की ताटं वाढायला घेतली. आपल्याकडे आमेननंतर खरी परीक्षा सुरू व्हायची. वाचलेलं उद्याच्या दिवसात कुठं बसतं ते प्रत्येकीने सांगायचं, आणि घरात प्रत्येकी म्हणजे तू आणि मी दोघीच, त्यामुळे सुटका नाही. "चांगली वागेन" असलं गुळमुळीत उत्तर तुला चालायचं नाही. प्रीतीचा अध्याय वाचला की तू विचारायचीस, "प्रीती कोनावर? नाव सांग." शेजारच्या काकूंचं सूप तीन महिने आपल्या पडवीत पडून होतं, त्या थोर अध्यायातून आपल्या घरात शेवटी निघालं काय, तर ते सूप परत करणं. मला त्या पुस्तकाचा रागच यायचा. आकाश आणि पृथ्वीपासून सुरू होणारं एवढं जाडजूड पुस्तक, आणि येऊन थांबायचं कुठं, तर काकूंच्या सुपावर. तुला मात्र ते तसंच हवं असायचं. रोजच्या कामाला न येणारं वचन म्हणजे तुझ्या लेखी न शिजवलेला तांदूळ.

गोंडपिपरीच्या पुढे, रानाला लागून आपलं गाव. मिशनचा दहा खाटांचा दवाखाना, त्यात एक डॉक्टर, एक आयाबाई आणि एकटी नर्स तू, सगळ्या मुलुखाची सिस्टरबाई. दवाखान्यामागे दोन खोल्यांचं क्वार्टर. मी पाच वर्षांची असतानाच बाबा गेले, त्यामुळे ती नोकरी आणि त्या दोन खोल्या एवढंच काय ते आपलं होतं. दवाखान्याचा एक नियम भिंतीवर लिहिलेला होता: डॉक्टर बाहेरगावी असतील तर सिस्टरने वॉर्ड सोडायचा नाही. तू तो नियम वचनाइतकाच पाळायचीस. म्हणून तर त्या रविवारी तू बैलबंडीत चढलीस तेव्हा मी बघतच राहिले.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती, मी दहावीत होते. दुपारची उपासना नुकतीच सुटली आहे. डॉक्टरसाहेब चंद्रपूरला गेले आहेत. दवाखान्याच्या फाटकाशी एक बैलबंडी येऊन थांबते आणि रानाकडच्या टोल्यातला, म्हणजे पाड्यातला, एक गोंड माणूस धावत आत येतो. त्याच्या अंगावरचा घाम मला अजून दिसतो. "बाई, घरवालीले कळा लागून दोन दिस झाले. पोर आडवं हाय म्हनते सुईन. चाला जी." तू वॉर्डकडे बघितलंस. तीन पेशंट, एकाला विषमज्वर. तू भिंतीकडे बघितलंस. मग पेटी उचललीस. "आयाबाई, इथून हलू नोका. पोरी, सलाईन संपत आली तं नळी बंद कर, तेवढं येते तुले. डॉक्टरसाहेब आले की मीच सांगन त्याईले." आणि बंडी गेली.

सहा वाजता ताप बघायची वेळ झाली. आयाबाईला आकडे वाचता येत नव्हते, म्हणून थर्मामीटर मी लावला, तिघांचे ताप बरोबर मोजले, रजिस्टरमध्ये बरोबर लिहिले. आणि शेवटच्या रकान्यात, जिथं परिचारिकेची सही असते, तिथं तुझी सही केली. तुझ्या आडनावाच्या शेवटी तू जो मोठा फर्राटा ओढायचीस तोसुद्धा ओढला. कोणी सांगितलं नव्हतं. आपली आई नियम मोडून गेली आहे, तिची नोकरी मी वाचवली, असं वाटून मी त्या संध्याकाळी स्वतःवर इतकी खूश होते की दोनदा भात वाढून घेतला. ताप खरे होते, सही खोटी होती.

तू सोमवारी सकाळी परतलीस. लुगड्याला डाग, डोळे लाल, आणि चेहऱ्यावर मात्र सणाचा दिवस. "दोघंबी जगली," म्हणालीस आणि अंघोळीला गेलीस. मंगळवारी पोलीस त्या बाळाच्या बापाला घेऊन गेले. रविवारी दिवस मावळताना लाकडाच्या डेपोवरच्या चौकीदाराला कोणीतरी कुऱ्हाडीने मारलं होतं. चौकीदार कसाबसा वाचला, आणि त्याने ह्याचं नाव घेतलं, कारण महिन्याभरापूर्वी दोघांची जुंपली होती. दिवस मावळताना तो माणूस कुठं होता हे तुला ठाऊक होतं. तो तुझ्यासाठी पाणी तापवत होता.

गुरुवारी डॉक्टरसाहेब परतले. तू चहाही न घेता त्यांच्याकडे गेलीस आणि वॉर्ड सोडल्याचं सांगितलंस. त्यांनी रजिस्टर उघडलं. "सही तर आहे तुमची," म्हणाले. तू सही बघितलीस. आपलाच चेहरा दुसऱ्याच्या धडावर बघितल्यासारखं झालं, असं तू नंतर सांगायचीस. साहेब माणूस वाईट नव्हते, चर्चच्या मंडळीत वडील, म्हणजे पंचांपैकी एक, होते, फक्त दवाखान्याच्या नावाला जपणारे. त्यांनी तुला समजावलं: कागद म्हणतो तुम्ही इथं होतात, तर कागदच राहू द्या; कोर्टात गेलात तर आपलं रजिस्टर खोटं ठरेल, मग मला तुम्हाला ठेवता येणार नाही. वर वडिलांच्या आज्ञेत राहावं हे वचनही त्यांनी तुला आठवून दिलं. "मीबी तेच पुस्तक वाचते, साहेब," एवढंच म्हणून तू निघालीस.

मी चुलीपाशी तांदूळ धूत होते. "हे तुहं अक्षर हाय," तू म्हणालीस. विचारलं नाहीस, सांगितलंस. मी रडायला लागले. "तुही नोकरी जाऊ नाई म्हून केलं," म्हटलं. तू मला मारशील असं वाटलं होतं. मारलं असतंस तर बरं झालं असतं. "मले वाचवलं तू. आन् त्या मानसाले कोन वाचवन? घरच्याईचं कोर्ट आयकत नाई. बाकी तवा तो घरी होता, हे एक मले माहीत आन् एक देवाले. देव काई कोर्टात येऊन राह्यला नाई." मी म्हटलं, तो आपला कोण लागतो? टोला केवढा लांब, बंडीनं दोन तास. तू पदराने हात पुसलेस आणि म्हणालीस, "दोन तासावरचा शेजारी." त्या संध्याकाळी तू शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा वाचलीस. आमेन झाल्यावर मला विचारायच्या आधी स्वतःच सांगितलंस, "उद्या मी त्याच्या वकिलाकडं जाईन." मग माझ्याकडे वळलीस. "आन् तू?" मी ताटं मांडायला उठले. भात तसाच राहिला.

खटला उभा राहायला आठ महिने लागले, आणि तेवढे महिने तो माणूस आतच होता. उन्हाळ्यात आपण तिघी एसटीने चंद्रपूरला गेलो, तू, मी आणि आयाबाई. त्याची बायको बाळ घेऊन आधीच आली होती. मी पुढची साक्षीदार, म्हणून मला बाहेर व्हरांड्यात बसवलं. आतलं सगळं मला कळलं ते आयाबाईकडून. तिने ती हकिकत पुढे वीस वर्षं सांगितली, आणि दर वेळी जजसाहेबांच्या मिशा थोड्या वाढत गेल्या.

ख्रिस्ती साक्षीदार येणार म्हणून कोर्टातल्या कारकुनाने कुठून तरी मुद्दाम एक बायबल मिळवून आणलं होतं. रुमालात गुंडाळलेलं, इंग्रजीतलं. मोठ्या अभिमानाने त्याने ते तुझ्यापुढे धरलं: बाई, यावर हात ठेवा आणि शपथ घ्या. तू हात मागे घेतलास. "साहेब, शपथ वाहू नोका असं याच्यातच लिहून हाय. होय तं होय म्हना, नाई तं नाई. मी नुसतं खरं सांगते." कोर्ट हसलं. बिचारा कारकून रुमालाची घडी घालत राहिला. जजसाहेब हसले नाहीत. कायद्यात नुसत्या प्रतिज्ञेची सोय आहे, तसं लिहून घ्या, म्हणाले. मग सरकारी वकिलाने रजिस्टर पुढे केलं. ही सही तुमची? "नाई जी. माह्या पोरीची." म्हणजे तुम्ही ड्यूटीवर नव्हतात? "नव्हती. असाले पाह्यजे होतं." म्हणजे तुम्ही कामात कसूर केली? "केली. ते माही चूक हाय, लिहून घ्या. पन दिवस बुडताना हा मानूस माह्यासमोर चुलीपाशी बसून होता. तेबी लिहून घ्या." आयाबाई म्हणायची, तो वकील कागद चाळतच राहिला. जी बाई आपली चूक अशी ताटात वाढून देते, तिला खोटं पाडायचं कसं हे त्याला कुठल्या पुस्तकात शिकवलेलं नव्हतं. मग मला आत बोलावलं. कोऱ्या कागदावर मी तुझी सही करून दाखवली, फर्राट्यासकट.

तो सुटला, आई! निकाल लागला तेव्हा तू वॉर्डात कोणाची तरी पट्टी बदलत होतीस. बातमी ऐकून तू पट्टी पुरी केलीस, मग मागच्या दाराशी जाऊन इतक्या मोठ्याने गायला लागलीस की विषमज्वराचा पेशंटही उठून बसला असता. आठवड्याने नोटीस आली. साहेबांनी म्हटलं तसं केलं होतं. क्वार्टर सोडायचं त्या सकाळी मी रडत भांडी बांधत होते आणि फाटकाशी घुंगरं वाजली. टोल्यातून सात बंड्या आल्या होत्या. आपलं सामान एका बंडीत मावलं, वर जागा उरली. पण रिकाम्या सहांपैकी एकही माघारी फिरेना. पुढच्या बंडीत तू, पेटी मांडीवर घेऊन, मागे सहा बंड्यांची रांग, बाया, पोरं, कुत्री. कामावरून काढलेल्या बाईची अशी वरात त्या जिल्ह्यात दुसरी निघाली नसेल. टोल्यातल्या कोणीही बाप्तिस्मा घेतला नाही, तूही कधी विषय काढला नाहीस. त्यांनी खोली दिली, तू बाळंतपणं केलीस.

आणि तीन महिन्यांनी तो प्रभुभोजनाचा रविवार. भाकर आणि प्याला फिरवायच्या आधी आपल्या मंडळीत पाळकबुवा विचारायचे, कोणाच्या मनात कोणाविषयी तेढ असेल तर आधी मिटवा. ही विचारायची रीत होती, उठायची नव्हती. सगळे मान खाली घालून खोकायचे आणि पुढे सुरुवात व्हायची. त्या रविवारी प्याल्याचं तबक डॉक्टरसाहेबांच्या हातात होतं. त्यांनी ते मेजावर ठेवलं, बायकांच्या बाजूला चालत आले आणि आपल्या बाकापाशी उभे राहिले. "सिस्टरबाई, मी कागदाला धरून बसलो. तुम्ही कामावर परत या, आणि मला क्षमा करा." देवळात कोणी खोकलंसुद्धा नाही. तू उठलीस. "मीबी तुमचा वॉर्ड सोडला होता, साहेब. तुमीबी मले करा." त्या संध्याकाळी टोल्यातल्या खोलीत आमेन झाल्यावर मीच तुला विचारलं, मंग उद्या काय करशील? तू इतकी हसलीस. "ड्यूटीवर जाईन!"

आज मीही नर्स आहे, रिटायर व्हायला आले. शेकडो रजिस्टरांवर मी सही केली आहे, फक्त माझी, आणि फक्त जिथं मी होते तिथं. हे मी तुझ्याकडून शिकले, हे मला छाती पुढे काढून सांगावंसं वाटतं. तू जिंकलीस, आई. कोर्टात जिंकलीस, देवळात जिंकलीस, आणि माझ्यातही जिंकलीस.

पण हे पत्र मी कोणाला दाखवणार नाही, कारण खाली एक गोष्ट लिहायची आहे. तू आत साक्ष देत होतीस तेव्हा व्हरांड्यात मी डोळे मिटून हात जोडले होते. शेजारी त्या माणसाची बायको बाळ मांडीवर घेऊन बसली होती. मी तिच्या नवऱ्यासाठी मागते आहे असं वाटून तिनेही मान लववली. मी मागत होते ते असं: देवा, आज एकदाच आईला खोटं बोलू दे. ती सही तिची स्वतःचीच आहे, असं म्हणू दे. तू बाहेर आलीस, माझ्या जोडलेल्या हातांवर हात ठेवलास आणि म्हणालीस, "तुही प्रार्थना पुरली मले." मी काहीच बोलले नाही. तेवढी एक खोटी साक्ष अजून माझ्या नावावर आहे.