आखडलेली तीन अक्षरं

४ मार्च, सोमवार
आज पुन्हा खोटं बोललो. मास्तरांनी कापडावरून कात्री न उचलता विचारलं, "काय कॉलेज, रविवारी कितीनं हाणणार आपण?" मी म्हणालो, "तीन-शून्य!"
आपण! जीभ कशी झडली नाही?
अख्खा शिवणकारखाना लाल संघाचा. जर्सी लाल, झेंडे लाल, पायाखालच्या चिंध्यासुद्धा लाल. आणि माझ्या उशीच्या खोळीत हिरवी जर्सी, घडी घालून. माझ्या गावचा फुटबॉल संघ. रविवारी तोच येतोय इथं खेळायला.
पहिल्याच दिवशी मास्तरांच्या मुलीनं ओव्हरलॉक मशीनवरून मान वर करून विचारलं होतं, "लाल की हिरवा?" दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर खरं बोललो असतो. सरांच्या अंगावर वही फेकून कॉलेज सोडणारा मी — तिच्यापुढे शेळी!

५ मार्च
ती माझ्याकडे बघून हसली. दोनदा. (दुसऱ्यांदा बहुतेक माझ्या मागच्या कॅलेंडरकडे बघून.)

६ मार्च
आज जे केलं ते लिहू नये असं वाटतंय. पण मग कुणाला सांगू?
या सामन्याला दरवर्षी कारखान्याचं बॅनर असतं. पाहुण्यांच्या स्टँडसमोर धरायचं. मास्तर म्हणाले, "गेल्या वर्षीचं फारच मिळमिळीत झालं. कॉलेज, तू शिकलेला आहेस — अर्धा का होईना! झोंबेल असं काहीतरी काढ." बटणवाल्यानं एक सुचवलं. मास्तर ओरडले, "आयाबहिणी नकोत, सांगून ठेवतो!" मी कापडाच्या घड्या घालत राहिलो. तेवढ्यात ती म्हणाली, "याला काय सुचणार बाबा? कुलूप आहे नुसतं."
माझं डोकं सटकलं. आणि तोंडातून निघून गेलं — तीस वर्षांपूर्वीची फायनल. हिरव्यांचा गोलकीपर बुटाची नाडी बांधायला वाकला आणि चेंडू त्याच्या शेजारून रांगत रांगत जाळीत गेला. गावात पोरं अजून त्याच्या पाठीमागे 'नाडी, नाडी' करतात.
ती इतकी हसली की मशीनवर डोकं टेकलं तिनं. "खरंच?" डोळे पुसत म्हणाली. "तुला कसं माहीत रे?"
"ऐकलं कुठंतरी," म्हटलं.
कुठंतरी! त्या गोलकीपरच्या मांडीवर बसून मी अक्षरं काढायला शिकलो.

७ मार्च
रंगवायचं काम माझ्याच गळ्यात. आठ मीटर पांढरं कापड.
बाबा पाट्या रंगवतात. दहा वर्षांचा असल्यापासून एकच मंत्र ऐकतोय, "आधी मोज, मग रंगव." मला धीर कुठला! सुरुवातीला हत्तीएवढी अक्षरं काढतो आणि शेवटाला जागाच उरत नाही. आजही तेच. 'आधी बुटाची नाडी बांधा, मग गोल' इथपर्यंत झकास. 'अडवा' कोपऱ्यात कसंबसं कोंबलं. मास्तर म्हणाले, "चालतंय रे, लांबून कोण बघतोय!"
कापडाचं टोक तिनं धरलं होतं. तिच्या बोटाला लाल रंग लागला. दिवसभर ते बोट बघत होतो.
संध्याकाळी आईचा फोन. "तुला सांगू नको म्हणालेत, पण रविवारी बाबा येताहेत मॅचला. गावातल्या लोकांबरोबर, बसनं. नंतर तुला गाठणार आहेत अचानक."
मी ओरडलोच. "येऊ देऊ नकोस! इथं मारामाऱ्या होतात!"
"तीस वर्षांनी मैदानाचं नाव काढलंय त्यांनी. मी नाही हो आडवी येणार."

९ मार्च
कात्री घेऊन बॅनरपाशी गेलो. ठरवूनच गेलो होतो. ती आली. "काय करतोयस?"
"लोंबते दोरे कापतोय."
आणि कापले. सगळे दोरे नीट कापले!

१० मार्च, रविवार
बॅनर वर गेलं. आधी कुजबूज, मग हशा, मग आमचं अख्खं स्टँड — "नाडी! नाडी!" मीही ओरडलो. ती शेजारी होती. सगळ्यांत मोठ्यानं ओरडलो.
मग बाबा दिसले. समोर, जाळीच्या पलीकडे, शे-सव्वाशे हिरव्यांत. आईनं विणलेला मफलर. ते उभे राहून बॅनर वाचत होते. बराच वेळ. आणि मग त्यांनी खाली वाकून स्वतःच्या बुटाकडे पाहिलं. आपोआपच वाकले असावेत. कुणाच्या लक्षातही आलं नाही. मी पाहिलं.
कुणीतरी तिकडे पाण्याची बाटली भिरकावली. चहा सांडला तरी ज्याचं डोकं फिरतं तो मी — हललो नाही. झेंड्यामागे तोंड लपवलं.
हिरवे जिंकले. दोन-एक. नऊ वर्षांनी! आणि मी डोक्याला हात लावून बसलो, सगळ्यांसारखा.
नंतर खोलीवर वाट पाहिली. बाबा आले नाहीत.

११ मार्च
आईला फोन केला. "अरे, तिकीटच मिळालं नाही म्हणे त्यांना. गेटावरूनच परतले. तुझा पत्ता लिहिलेला कागदही हरवला. वेंधळेपणा नुसता!"
बाबांनी उभ्या आयुष्यात कागद हरवलेला नाही.

१२ मार्च
तिला सांगितलं. सगळं. तिनं मशीन थांबवलं.
"म्हणजे हिरवा आहेस तू?"
"हो."
"ते मरू दे. तो गोलकीपर तुझा बाप?"
"हो."
सुईकडे बघत तिनं विचारलं, "मी हसावं म्हणून केलंस?" मी मान डोलावली. "आणि मी हसलेही," म्हणाली. मग म्हणाली, "उद्या दुसरी कुणी हसावी म्हणून माझं काय सांगशील?"
मशीन सुरू झालं. त्या आवाजात एवढंच ऐकू आलं — "घरी जा."

१६ मार्च, शनिवार
घरी. बाबा दुकानाच्या एका नव्या पाटीवर खडूच्या दोरीनं ओळ आखत होते. वर न बघता दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "ताणून धर." धरलं. आई आत जाईपर्यंत थांबले.
मग म्हणाले, "'अडवा'ला जागा उरली नाही ना? मोजत जा रे आधी."