ठकीच्या वाटणीचं

४ मार्च
नोकरी लागली आणि राहायला खोलीसुद्धा मिळाली! थोरल्या मुलाची शिकवणी घ्यायची. पगार आणि दोन वेळचं जेवण. साहेब कामानिमित्त बाहेरगावी, बाईसाहेब हसतमुख. मुलगा आठ वर्षांचा, आगाऊ पण गोड. त्याची तीन वर्षांची बहीण ठकी मागच्या खोलीत झोपलेली असते. जेवणाला मी जन्मात कधी नाही म्हटलेलं नाही आणि इथे तर आग्रह करकरून वाढतात.

९ मार्च
ठकीचे खाण्याचे फार नखरे, असं बाईसाहेब म्हणाल्या. तिचं दूध आणि उकडलेलं अंडं जसंच्या तसं परत आलं. टाकून कशाला द्यायचं, म्हणून मला दिलं. मी संपवलं. मागच्या खोलीतून भिंत खरवडल्यासारखा आवाज येतो. उंदीर असतील म्हणे.

१८ मार्च
ठकीच्या वाटणीचं आता रोज माझ्याकडेच येतं. कपडे घट्ट व्हायला लागलेत. मुलगा आज म्हणाला, आई वाटी दारातच ठेवते आणि ठकीला तिथवर येता येत नाही. मी त्याला गप्प बसवून गणितं घातली. नोकरी नवी आहे.

२१ मार्च
शेवटी दार ढकललं. एवढीशी पोर, सहा महिन्यांच्या बाळाएवढी. मांड्यांची कातडी लोंबतेय, पावलं मात्र सुजलेली. हात पोचेल तिथवर भिंतीचा गिलावा उकरलेला, ओठ चुन्याने पांढरे. ती रडलीसुद्धा नाही. नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी तिचंच अंडं चघळत होते.
तशीच उचलली आणि दवाखाना गाठला.

२२ मार्च
वजन सहा किलो. दर दोन तासांनी मोजून दूध. वर एक घासही द्यायचा नाही, नर्सबाईंनी दोनदा बजावलं. उपाशी शरीराला एकदम खाणं झेपत नाही, हृदय थांबतं. किती दिवस हे चाललंय, डॉक्टरांनी विचारलं. मी नवीन आहे म्हटलं. शरमेने मान वर होईना.

२४ मार्च
ठकी माझं बोट चोखते, सोडत नाही. नर्सबाई पलीकडच्या खाटेपाशी होत्या. दोन केळी — कुस्करून — ती पुन्हा पुन्हा तोंड उघडत होती. हसली. किती बरं वाटलं — मला.

२५ मार्च, सकाळ
ठकीला धाप लागलीय. डोळे सुजलेत. तिच्या खाटेभोवती पडदा ओढला —
डॉक्टर विचारतायत, कुणी काही भरवलं का, त्यावरच पुढचे उपचार ठरतील. नर्सबाई रडून सांगतायत, मोजूनच दूध दिलं. सगळे त्यांनाच बोल लावतायत. मी बाकावर — मान खाली घालून — वहीत —
सांगायला हवं. आत्ता. एवढं वाक्य झालं की उठते आणि